फॉस्फेट केलेला माल पावसाळ्यात गंजतो काहून

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात इथं लिहून घेतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमचं दर्यापूरकडं गावात वर्कशॉप आहे, कल्टिव्हेटरचे बोल्ट, क्लॅम्प, ट्रॅक्टरच्या पिना, स्प्रिंगा अन् वखराच्या पासा असा माल तुम्ही बनवता. जुलैत एमआयडीसीतल्या एका शॉपमधून फॉस्फेट मारून आणलं, म्हणजे ॲसिडच्या टाकीत लोखंडावर बारीक खड्यांचा थर चढवून आणला, घरी वरून ऑईल लावलं, आणि पोळा यायच्या आत निम्म्या मालावर पिवळा गंज. शॉपवाला म्हणते तुमचं ऑईल खराब, ऑईलवाला म्हणते कोटिंग खराब, अन् तुम्ही मधात. तुम्ही विचारलं तीन गोष्टी, ऑईल कोणतं वापरू, फॉस्फेटची टाकी घरीच टाकू का, नाहीतर सगळं सोडून गॅल्व्हनाईज, म्हणजे जस्ताचा थर, करू का.

मी या धंद्यात सव्वीस वर्षं आहे, हिंगण्याला हेल्पर म्हणून लागलो, मंग लाईन इन्चार्ज, मंग स्वतःचा शेड, तर जे हातानं केलं तेच सांगतो.

पहिली गोष्ट, फॉस्फेट गंज थांबवत नाही. हे ऐकून लोकं चमकतात पण खरं आहे. नुसतं फॉस्फेट केलेला, ऑईल न लावलेला तुकडा सॉल्ट स्प्रेच्या पेटीत (मिठाचं पाणी फवारून गंज तपासायची पेटी) टाका, तासा-दोन तासात त्याच्यावर लाल दिसायला लागते. तोच तुकडा चांगला वाळवून चांगलं ऑईल पाजलं तर दिवसदिवस टिकते, तीन दिवस, चार दिवस. अन् ते ऑईल नुसत्या उघड्या लोखंडावर लावलं तर तेही काही तासांतच मान टाकते. म्हणजे एकट्या फॉस्फेटमध्ये दम नाही, एकट्या ऑईलमध्ये नाही, दोघं मिळून काम करतात, अन् दोघं नीट मिळाले की नाही यावरच सगळं.

दिवाळीला आपल्याकडं नव्या पणत्या आणल्या की बाया त्या आधी पाण्यात भिजवून ठेवतात, माहीत आहे ना? कोरडी पणती तेल पिऊन टाकते म्हणून. मातीची बारीक बारीक भोकं पाण्यानं भरली की मंग तेल आत जात नाही, वरच राहते. फॉस्फेटचं अगदी तसंच आहे, फक्त आपल्याला उलटं पाहिजे. आपल्याला तेल प्यायला पाहिजे. तुम्ही ओला नाहीतर अर्धवट वाळलेला माल ऑईलमध्ये बुडवला म्हणजे भिजवलेली पणतीच झाली ती, वरून चकचकीत, हाताला तेल लागते, आत मात्र पाणी बसलेलं. ते पाणी आठ दिवसांनी आपलं काम करते. माझ्याकडं जेवढ्या तक्रारी आल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त याच एका गोष्टीच्या होत्या.

आता आत काय होते ते सांगतो, जास्त केमिस्ट्री नाही. टाकीत फॉस्फोरिक ॲसिड असते अन् त्याच्यात झिंक किंवा मॅंगनीज विरघळलेलं. ॲसिड लोखंडाला चावते, चावताना पृष्ठभागाजवळचं ॲसिड खर्च होते, तेवढ्या पातळ थरात आंबटपणा कमी झाला की झिंक फॉस्फेट विरघळलेलं राहू शकत नाही, ते तिथंच खडे होऊन बसते. म्हणजे हा पेंट नाही, लोखंडातूनच उगवलेला बारीक खड्यांचा थर आहे, अन् खड्या-खड्याच्या मधात फटी असतातच. त्या फटीच तेलाचं घर. आयडिया जुनी आहे, इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या कॉस्लेटनं १९०६ मध्ये पेटंट घेतलं, तेव्हा फॉस्फोरिक ॲसिडमध्ये लोखंडाचा कीस टाकून तासन्‌तास उकळायचे. पुढं १९१५ पासून अमेरिकेत डेट्रॉईटला पार्करची कंपनी आली, म्हणून जुने मिस्त्री अजूनही पार्करायझिंग म्हणतात.

जाती तीन आहेत. आयर्न फॉस्फेट, एकदम पातळ, निळसर-सोनेरी झाक मारते, वर्गमीटरला एक ग्रॅमच्या आतबाहेर, ते फक्त पेंटच्या खाली. झिंक फॉस्फेट राखाडी, पेंटखाली पातळ अन् बारीक खड्याचं करतात, ऑईलसाठी मात्र जाड अन् रवाळ पाहिजे, वर्गमीटरला दहा ग्रॅम अन् त्याच्या वर. मॅंगनीज फॉस्फेट काळपट, ९० डिग्रीच्या वरच चालते, ते घासणाऱ्या भागांसाठी, गिअर, पिस्टन रिंग, कॅमशाफ्ट असं. तुमच्या बोल्ट-पिनांना जाड झिंक फॉस्फेट बस झालं, मॅंगनीजचा खर्च कायले करता. आणि इथंच पुष्कळ शॉप हात मारतात, पेंटखालचं पातळ झिंक फॉस्फेट मारून देतात, टाकी एकच असते त्यांची, अन् त्या पातळ थरात तेल राहायला जागाच नसते.

पण त्याच्याही आधी पाहा की तुम्हाला मिळालं ते फॉस्फेट आहे का! तुम्ही लिहिलं "काळं कोटिंग". राजेहो, काळं म्हणजे फॉस्फेट नाही. आपल्याकडं ब्लॅकोडायझिंग नावाचा प्रकार लय चालतो, कॉस्टिक अन् नायट्रेटच्या १४० डिग्रीच्या आसपासच्या पाण्यात उकळून काळं करतात, थर जेमतेम एक मायक्रॉनचा. स्वस्त, दिसायला मस्त, अन् ऑईल धरायला जागा जवळजवळ नाही. टूलरूममधल्या पान्याला, अ‍ॅलन बोल्टला ठीक, आपल्या पावसाळ्यात गोडाऊनला पडणाऱ्या मालाला नाही. ओळखायचं सोपं आहे. ऑईल लावायच्या आधीचा कोरडा तुकडा घ्या, पातळ ऑईलचा एक थेंब ठेवा. फॉस्फेट असेल तर थेंब पसरत जाते अन् डाग मॅट होते, जसा टीपकागदावर. ब्लॅकोडाईज असेल तर थेंब वरच चमकत बसते. दुसरं म्हणजे नखानं ओरखडा मारा, फॉस्फेटवर पांढुरकी रेघ उमटते. ही रेघ पाहून घाबरू नका, कोटिंग निघालं नाही, खड्यांची टोकं चेंबली फक्त.

कोटिंग वेटचा, म्हणजे वर्गमीटरला किती ग्रॅम थर बसला याचा, आकडा पाहिजे असेल तर शॉपवाल्याला तुमच्या मालासोबत एक १० बाय १० सेंटीमीटरची पट्टी टाकीत टांगायला लावा. दोन्ही बाजू मिळून ०.०२ वर्गमीटर होते, म्हणजे दहा ग्रॅमचं कोटिंग असेल तर त्या पट्टीवर ०.२ ग्रॅम बसलेलं असते. ते काढून वजनातला फरक पाहायचा असते अन् काढायला गरम क्रोमिक ॲसिड लागते, ते विषारी अन् कॅन्सरवालं आहे, ते काम घरी बिलकुल करू नका, शॉपच्या लॅबला करू द्या. तुम्ही घरी एवढंच करा, कोरडी फॉस्फेटची पट्टी सोनाराच्या काट्यावर वजन करा, ऑईलमध्ये बुडवा, रात्रभर टांगून निथळू द्या, कापडानं वरवर टिपा, पुन्हा वजन करा. किती तेल पिलं ते कळते. प्रत्येक लॉटला एकच पद्धत ठेवली की एखादा लॉट कमी प्यायला लागला ते लगेच ध्यानात येते. आयएस ३६१८ म्हणून फॉस्फेटचं भारतीय स्टॅंडर्ड आहे, ऑर्डर देताना "जाड झिंक फॉस्फेट, ऑईलसाठी, कोटिंग वेट इतकं" असं कागदावर लिहून द्या, नुसतं "काळं करून द्या" म्हणलं की तो त्याच्या सोयीचंच करणार.

आता पाणी. इथं जरा थांबतो कारण तुम्ही दर्यापूरचे आहात अन् मला वाटते तुमची अर्धी गोष्ट इथंच आहे.

माझा पहिला शेड मूर्तिजापूरकडं होता, जागा स्वस्त मिळाली म्हणून. टाक्या नव्या, केमिकल चांगल्या ठिकाणचं, रोज सकाळी टायट्रेशन (टाकीतल्या ॲसिडची मोजणी), फ्री ॲसिड टोटल ॲसिड सगळं रेंजमध्ये, कोटिंग वेट लॅबमधून चेक केलं तेही बरोबर. अन् पिनांचा माल तीन आठवड्यांत वापस. पाहिलं तर प्रत्येक पिनेला गंज एकाच जागी, खालच्या टोकाला, ज्वारीच्या दाण्याएवढा. बाकी पिन सुंदर. मी दोन महिने बाथच्या, म्हणजे टाकीतल्या द्रवाच्या, मागं लागलो, केमिकल बदललं, टाईम वाढवला, टेम्परेचर वाढवलं, केमिकल देणाऱ्याशी भांडलो. आमच्याकडं एक म्हातारे हेल्पर होते, आम्ही काकाजी म्हणायचो, ते एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, साहेब हे कूलरच्या जाळीसारखं आहे. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर उन्हाळाभर पाणी सुकू सुकू पांढरं कसं जमते, तसंच पिनेच्या टोकाला शेवटचा थेंब सुकते, अन् पाण्यात जे काही आहे ते तिथंच राहून जाते.

खारपाणपट्टा! पूर्णेच्या खोऱ्यातलं, अकोला-अमरावती-बुलढाण्याचं ते बोअरचं खारं पाणी, अन् मी त्यानंच शेवटची धुलाई करत होतो. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब ग्लासात टाकले, पाणी ताकासारखं पांढरं. ते क्लोराईड. हिशोब करा, लिटरला १००० मिलिग्रॅम मीठ असलेलं पाणी म्हणजे ०.१ टक्का, तो थेंब सुकत सुकत पन्नासावा हिस्सा उरला की ५ टक्के झाला, अन् सॉल्ट स्प्रेच्या पेटीत गंज आणायला आपण मुद्दाम जे पाणी फवारतो ते ५ टक्क्यांचंच असते. म्हणजे मी स्वतःच प्रत्येक पिनेला टोकावर सॉल्ट स्प्रे मारून वर ऑईलनं झाकून देत होतो. ऑईलच्या खालचं मीठ हवेतली ओल ओढते, ऑईलमधून ओल हळूहळू जातेच, ऑईल म्हणजे काही काच नाही.

पिण्याच्या पाण्याचं सरकारी माप आयएस १०५०० मध्ये क्लोराईडला २५० मिलिग्रॅम आहे, दुसरा सोर्स नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. माणसाला चालते म्हणून लोखंडाला चालते असं नाही. शेवटच्या धुलाईचं पाणी मी टीडीएस (पाण्यात विरघळलेले सारे क्षार) शंभरच्या खाली ठेवतो, मीटर काही महाग नाही. तुमच्याकडं गावोगाव आरओचे प्लांट झाले आहेत, तिथून कॅन घ्या, शेवटची एक टाकी दोनशे लिटरची फक्त आरओच्या पाण्याची ठेवा, आधीच्या दोन धुलाया साध्या पाण्यानं चालतील. आरओचं जे फेकलेलं पाणी असते ते मात्र चुकूनही घेऊ नका, सारं मीठ त्यातच गोळा झालेलं असते. पावसाचं टिनावरचं पाणी त्याहून भारी, पहिल्या दोन-तीन पावसाचं सोडून द्या, मंग टाक्या भरून घ्या. अन् एक, पाणी जड असणं वेगळं अन् खारं असणं वेगळं. जड पाण्याचा चुना पांढरा डाग सोडते, दिसायला वाईट पण गंजाला तेवढा घातक नाही. क्लोराईड घातक. टीडीएस मीटर दोन्ही एकत्र मोजते, म्हणून एकदा सिल्व्हर नायट्रेट करूनच घ्या, कॉलेजच्या लॅबमधून कोणीही करून देईल.

आता तुम्ही म्हणाल माझा शॉपवाला तर खारपाणपट्ट्यात नाही. असेल, पण तुम्ही लिहिलं आहे की माल आल्यावर धूळ बसली होती म्हणून घरी धुवून मंग ऑईल लावलं! कोणत्या पाण्यानं धुतला, बाप्पा?

वाळवणं. धुलाईची शेवटची टाकी गरम ठेवली, सत्तर-ऐंशी डिग्री, की माल बाहेर काढल्यावर स्वतःच्या उष्णतेनं बराचसा वाळते. मंग गरम हवेची पेटी, शंभर-एकशेवीस डिग्री, वीस-पंचवीस मिनिटं. त्याच्या लय वर नेऊ नका, झिंक फॉस्फेटच्या खड्यात स्वतःचं पाणी बांधलेलं असते, दीडशेच्या पुढं ते सुटायला लागते अन् कोटिंग भुसभुशीत होते. बारक्या बोल्टाला सेंट्रिफ्यूज लागते, नसेल तर जुन्या वॉशिंग मशीनचा स्पिनर काढून काम चालवणारे लोकं मी पाहिले, चांगलं चालते. मे महिन्यात आपल्याकडं काही पेटीबिटी लागत नाही, टिनाच्या पत्र्यावर पसरवला की अर्ध्या तासात खणखणीत. पण तुम्ही माल आणला जुलैत, उघड्या गाडीत, ऑईल न लावता. हवेतली ओल ऐंशी टक्क्यांच्या वर, लोखंडाला साधारण साठच्या पुढंच गंज धरायला सुरुवात होते, अन् कोरडी पणती तर पाणीही तेवढ्याच हौसेनं पिते. तुमच्या घरी पोचेपर्यंत माल भिजलेलाच होता समजा, डोळ्याला दिसला नाही एवढंच. म्हणून माझं सरळ सांगणं, फॉस्फेटनंतरचं पहिलं ऑईल त्याच शॉपमध्ये, त्याच शिफ्टमध्ये लागलं पाहिजे. वर दोन पैसे मागेल, द्या.

ऑईलचं. जळलेलं इंजिन ऑईल लावता का? तुम्ही लिहिलं नाही पण गावात नव्वद टक्के लोकं तेच लावतात म्हणून विचारून राहिलो. त्याच्यात काजळी असते, इंजिनातलं ॲसिड असते, पाणी असते, अन् ते हाताला रोज लावणं कातडीच्या कॅन्सरला बोलावणं आहे. फुकट आहे म्हणून चांगलं वाटते. खायचं तेलही नको, काही महिन्यांत खवट होते अन् त्याचंच ॲसिड तयार होते. आमचे आजोबा औजारांना जवसाचं तेल लावायचे, ते जरा वेगळं, जवस हवेनं सुकून पापुद्रा धरते म्हणून लाकडी दांड्याला अन् फाळाला ठीक होतं, पण बोल्टाच्या आट्यात चिकटून बसते. अन् जवसाच्या तेलाच्या चिंध्या ढीग करून ठेवू नका, आपोआप गरम होऊन पेट घेतात, हे खरं आहे.

दुकानात रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑईल म्हणून मिळते ते घ्या, पण त्यातही तीन प्रकार. एक नुसतं ऑईलसारखं राहणारं, घरात तीन-सहा महिने ठेवायच्या मालाला. दुसरं सॉल्व्हंटमध्ये पातळ केलेलं, सॉल्व्हंट उडून गेलं की मागं मेणासारखा थर राहते, पावसाळा काढायचा असेल अन् दुकानात वर्षभर पडणार असेल तर हे. तिसरं पाण्यात मिसळून दुधासारखं करायचं, स्वस्त पडते, आग लागायची भीती नाही, पण थर पातळ, अन् तुमच्या खाऱ्या पाण्यात कालवलं तर फाटते, म्हणजे पुन्हा पाण्याचंच. तुम्हाला मी दुसरं सांगीन, अन् त्यातही डीवॉटरिंग लिहिलेलं, जे फटीतलं उरलंसुरलं पाणी ढकलून स्वतः जागा घेते. या ऑईलच्या टाकीला बुडाशी कॉक पाहिजेच, ढकललेलं पाणी खाली जमते, रोज सकाळी पहिलं काम कॉक उघडून पाणी काढायचं. एका जागी मी पाहिलं, टाकीत चार बोटं पाणी खाली साचलेलं अन् बास्केट थेट त्या पाण्यात जाऊन बसत होती, वरचे बोल्ट छान, खालचे सारे लाल, अन् मालक ऑईलच्या ब्रॅंडला शिव्या देऊन राहिला.

सॉल्व्हंटवाल्या ऑईलमध्ये गरमागरम माल बुडवू नका. पेटीतून काढलेला शंभर डिग्रीचा लोखंडाचा ढीग त्यात टाकला तर वाफ निघते, अन् ती वाफ पेट घेते. हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, चाळीसच्या खाली. अन् टाकीजवळ बिडी, वेल्डिंग, ग्राइंडर काहीच नाही, मे महिन्यात तर शेडचंच तापमान ४५ असते. साधं, सॉल्व्हंट नसलेलं ऑईल मात्र गरम मालावर उलट छान जाते, पातळ होऊन आत शिरते. बुडवून दोन-तीन मिनिटं राहू द्या, बुडबुडे येणं थांबलं म्हणजे हवा निघाली, मंग निथळवा. जाड थर म्हणजे जास्त टिकते असं नाही, जे आत गेलं तेच खरं काम करते, वरचं तर बारदाना पिऊन टाकते.

बारदान्यावरून आठवलं. माल ठेवता कुठं? कृषी केंद्रवाले औजारं अन् खताच्या थैल्या एकाच गोडाऊनला ठेवतात. जे पोटॅश आपण म्हणतो, म्युरेट, ते पोटॅशियम क्लोराईड आहे, म्हणजे मिठाचा भाऊच. थैली फुटली, धूळ उडाली, ऑईल लावलेल्या मालावर चिकटून बसली, संपलं. युरियाही ओल ओढते. खताच्या रिकाम्या पोत्यात बोल्ट भरणं तर गुन्हाच आहे, अन् हे मी स्वतःच्या डोळ्यानं कितीदा पाहिलं. पेरणी यंत्राच्या खताच्या पेटीजवळचे नट-बोल्ट पहिल्याच हंगामात काहून जाम होतात याचंही उत्तर हेच. तुमच्या शेडमध्येच पिकलिंगची, म्हणजे गंज-खपली काढायची, ॲसिड टाकी उघडी असेल तर तिची वाफही दूरपर्यंत तयार मालावर बसते. माल लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, अन् प्लास्टिकमध्ये बांधायचा तर पूर्ण थंड झाल्यावर, नाहीतर पिशवीच्या आत घाम धरते. व्हीसीआयच्या पिशव्या (गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या) मिळतात त्या वापरा, किलोमागं काही फार पडत नाही.

तुमच्या गंजलेल्या मालाचे फोटो मी पाहिले नाहीत, तर तुम्हीच पाहून घ्या गंज कुठून सुरू झाला. टोकाला, थेंबाच्या जागी असेल तर धुलाईचं पाणी. बोटांच्या ठशासारखा असेल तर घामाचे हात, ऑईलच्या आधी हातमोजे घाला, घामात मीठच असते. दोन बोल्ट एकमेकाला चिकटून होते त्या जागी असेल तर बास्केट कोंबून भरली होती, तिथं ना फॉस्फेट बसलं ना वाळलं. वेल्डिंगच्या शिवणीतून, क्लॅम्पच्या घडीतून रस पाझरल्यासारखा असेल तर पिकलिंगचं ॲसिड आत अडकून राहिलं, त्याला वरून कितीही ऑईल लावा उपयोग नाही, वेल्ड पूर्ण बंद करा नाहीतर निथळायला भोक ठेवा. साऱ्या अंगभर हलकी पिवळट झाक असेल तर पिकलिंग अन् फॉस्फेटच्या मधात माल उघडा राहिला किंवा बाथ कमजोर होता, अन् ही गोष्ट सरळ शॉपवाल्याची.

टाकी घरी टाकू नका. गरम बाथ, ॲसिडची वाफ, रोजचं टायट्रेशन, तळाशी बसणारा चिखल, तो चिखल हॅझार्डस वेस्टमध्ये मोडते, प्रदूषण मंडळाचा कन्सेंट लागते, अन् वापरलेलं पाणी नाल्यात सोडलं तर झिंक तुमच्याच शेजारच्या विहिरीत. महिन्याला शंभर-दीडशे किलोच्या मालासाठी हे परवडत नाही. अन् ते ब्रशनं लावायचं रस्ट कन्व्हर्टर मिळते ते म्हणजे फॉस्फेटिंग नाही, ते प्रायमरच्या आधी गंजलेल्या गेटला लावायचं औषध आहे.

गॅल्व्हनाईज? बाहेर पावसात कायम राहणाऱ्या वस्तूला तेच बरोबर, फॉस्फेट-ऑईल हे उघड्यावर राहायचं कोटिंगच नाही, ते गोडाऊनसाठी, पेटीसाठी, अन् आटे जाम होऊ नयेत, पान्यानं सरळ कसले जावेत यासाठी. पण हॉट डिपनं, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून, बारीक आटे भरून जातात, नट वेगळा मोठा टॅप करावा लागते. पिना अन् बोल्ट फॉस्फेटमध्येच ठेवा, तारेच्या कुंपणाच्या वस्तू, पाण्याच्या टाकीचे स्टॅंड हे गॅल्व्हनाईज करा. वखराच्या पासांना मात्र दोन्हीही नको! कास्तकार पहिल्या एकरात काळ्या मातीत सारं घासून टाकते, पास रुप्यासारखी चमकायला लागते. तिला विकेपर्यंत टिकवायचं आहे फक्त, एक हात स्वस्त काळा पेंट नाहीतर मेणाचं ऑईल, बस. पेंट मारायचा असेल तर त्याच्याखाली ऑईल जाऊ देऊ नका, ऑईलवरचा पेंट पापडासारखा निघते.

अजून एक, हे विसरलो असतो. डोक्यावर १०.९ किंवा १२.९ लिहिलेले (जास्त ताकदीचे) बोल्ट असतील तर शॉपला आधी सांगा. कडक स्टीलमध्ये पिकलिंगचा हायड्रोजन शिरते अन् बोल्ट कसल्यावर दुसऱ्या दिवशी मान तुटते, गंजबिंज काही न येता. अशा मालाला ॲसिडऐवजी शॉट ब्लास्ट करून फॉस्फेट करा, अन् नंतर साधारण शंभर डिग्रीला आठ तास भट्टीत ठेवायला लावा.

सध्याच्या लॉटचं असं करा. पिवळी पावडर हातानं पुसून निघते तेवढे वेगळे काढा, बारीक स्टील वूल साध्या, सॉल्व्हंट नसलेल्या ऑईलमध्ये भिजवून हलकं पुसा, पेटीत साठ-सत्तर डिग्रीला तासभर वाळवा, थंड करून पुन्हा ऑईलमध्ये बुडवा, अन् ते पहिले विका, साठवू नका. ज्यांच्यात खड्डे पडले ते पुन्हा पिकलिंग करून फॉस्फेट करावे लागतील, १०.९ किंवा १२.९ असतील तर भंगारात टाका. त्याच्या आधी आज संध्याकाळीच एक काम करा. शॉपवाल्याकडून ऑईल न लावलेल्या सहा पिना मागवा, तीन तुमच्या बोअरच्या पाण्यानं धुवा, तीन आरओच्या, सहाही सारख्या वाळवा, सारखंच ऑईल लावा, अन् झाकण असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात खाली ओलं फडकं ठेवून वर दोरीनं टांगून द्या, पाण्याला लागू न देता. पंधरा दिवसांनी उघडा. बोअरवाल्या तिघींच्या टोकाला लाल दिसलं अन् आरओवाल्या साफ निघाल्या, तर शॉपवाल्याला एक फोन करून चहाला बोलवा, त्याच्याशी उगाच भांडलात तुम्ही. सहाही लाल झाल्या तर त्यातली एक ऑईल पुसून लॅबला कोटिंग वेटला द्या, अन् मंग भांडा.